फवारणी पंपाच्या गादीत वीजवाहक सूत: कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

काम ठरलं ते असं. कापसाचं सूत वीज वाहील असं करायचं, ते कापडात विणायचं, आणि फवारणी पंप पाठीवर गळायला लागला की फवारणाऱ्याला त्याच मिनिटाला कळेल अशी सोय करायची.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. उन्हाळ्यात विहिरीच्या मोटारी, आणि पऱ्हाटी गुडघ्याला लागली की बॅटरीवरचे फवारणी पंप. पंप कुठं गळतो हे आता तोंडपाठ आहे. झाकणाचं रबर, टाकीच्या बुडाशी पाइपाचा जोड, मोटारीजवळची निपल. पैकी झाकण सगळ्यात वाईट. सोळा लिटरची टाकी भरून माणूस ढेकळातून चालतो, आतलं पाणी डुचमळतं आणि झाकणातून सरळ पाठीवर उतरतं. सदरा घामानं आधीच ओला असतो, त्यामुळे नवा ओलावा लक्षातच येत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतून अंगात जातात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ते सगळं पाठीवरच्या गळतीनंच झालं असं मी म्हणत नाही. पण गळणारा पंप दुरुस्तीला येतो तो बहुतेक हंगाम संपल्यावर, हे मात्र डोळ्यांनी पाहतो.

बाजारात चांदी चढवलेलं नायलॉनचं सूत मिळतं. वीज चांगली वाहतं, एका मीटर लांबीला काही दशक ओहमच रोध (विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी तितकी वीज सहज वाहते). पण महाग, आणि गंधक लागलं की चांदी काळी पडते. आपल्याकडे गंधकाची पावडर पिकावर मारतात, म्हणजे तिथं चांदी टिकणं कठीण. कापूस जिल्ह्याचाच आहे, तेव्हा सूत कापसाचंच घ्यायचं.

१० एप्रिल

आधी घरात काय आहे ते तपासलं. वाइंडिंगची ४२ गेजची तार, व्यास साधारण ०.१ मिलिमीटर, मीटरला दोन ओहमच्या आसपास. हिला सुताभोवती मळसूत्रासारखी गुंडाळली तर वाकताना ताण कमी येतो, सरळ घातली तर लवकर तुटते. तांबं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होत जातं आणि शेवटी तुटतं, हे वाइंडिंगवाल्याला सांगायची गरज नाही. शिवाय तारेवर इनॅमल आहे, ते खरवडल्याशिवाय पाणी तांब्याला भेटत नाही, आणि खरवडलं की तांबं हिरवं पडतं.

जरीचंही तेच तत्त्व. रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्याभोवती चांदी चढवलेली चपटी तार. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाला मल्टिमीटर लावला तर कंटिन्युटीचा आवाज लगेच आला. सौभाग्यवतींच्या नव्या साडीला लावला तर काहीच नाही. आजची बरीचशी जर म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा पातळ थर आणि वरून लाखेचा लेप. सौ. म्हणाल्या, "मीटर लावून साडीची किंमत काढून राहिले का?" विषय तिथंच संपवला.

याच जातीचं, धातू गुंडाळलेलं भारतातलं रेशमी ऑर्गंझा घेऊन १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी कापडावर सर्किटं बसवली होती. म्हणजे कापडात वीज घालायची निम्मी कारागिरी आपल्या विणकरांकडे आधीपासून होती.

१९ एप्रिल

कार्बन. सूत २० काउंटचं, गिरणीचं. (एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लड्या बसतात, तो २० काउंट.) कोऱ्या सुतावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा बसून राहतो, कारण कापसाच्या तंतूवर मेण असतं. म्हणून आधी धुण्याचा सोडा आणि थोडा कॉस्टिक घालून लडी तासभर उकळली, मग पाणी निवळ निघेपर्यंत धुतली. आता थेंब पडल्यापडल्या आत जातो. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली तर पुढचा लेप तंतूंच्या आत शिरत नाही, नुसता वरवर बसतो.

लेपासाठी हार्डवेअरच्या दुकानातली ग्रॅफाइट पावडर, मैद्याच्या खळीत. विणकर ताण्याला खळ पाजतात तशीच. सुकल्यावर सेंटिमीटरला ४० ते ६० किलोओहम. फार जास्त. कारण सरळ आहे: कण एकमेकांना चिकटून उभे असले तरच वीज पुढं जाते. विहीर खणताना माणसांची रांग लागते, मधे एक माणूस कमी पडला की घमेलं तिथंच थांबतं, तसं. ग्रॅफाइटचे कण मोठे आणि चपटे, मधे फटी राहतात. त्यात काजळीसारखा बारीक कार्बन ब्लॅक मिसळला तर फटी भरतात.

गावातली पोट्टी जुने सेल फोडून काळा माल घेऊन आली. त्यातली मधली कांडी कार्बनची असते, ती कुटून घेता येते. भोवतीचा काळा गाळ म्हणजे बराचसा मँगनीज डायऑक्साइड, तो कामाचा नाही. पोरांना हात धुवायला लावलं.

२ मे

कार्बन ब्लॅक आला. अर्धा ग्रॅफाइट, अर्धा कार्बन ब्लॅक. खळ सोडून दिली, ती पहिल्याच धुण्यात निघून जाते. तिच्याऐवजी कापड छपाईत पिगमेंटसोबत वापरतात तो अ‍ॅक्रिलिक बाइंडर घेतला. बाइंडर जास्त झाला तर तो कणाकणांत शिरून त्यांना वेगळं करतो आणि रोध वाढतो. कमी झाला तर काळं बोटाला लागतं. म्हणून तो थोडाथोडा वाढवत न्यायचा, आणि सुकलेलं सूत पांढऱ्या चिंधीवर घासून पाहायचं. चिंधी जेमतेम राखाडी झाली की पुरे.

सूत ओढण्यासाठी वाइंडिंगचंच मशीन. सूत लेपाच्या वाटीतून, तिथून बारीक भोकाच्या वॉशरमधून, म्हणजे जास्तीचा लेप तिथंच निथळतो. मग दोन खुंट्यांवर सावलीत सुकवायचं. बाइंडर पक्का व्हायला १४०-१५० अंश तापमान लागतं. मोटारी वाळवायची माझी बल्बची पेटी तेवढी तापत नाही. म्हणून बटर पेपरखाली सूत ठेवून सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री फिरवली.

एकेरी सूत सेंटिमीटरला दोन-तीन किलोओहम. तीन पदरी पिळलं की ७०० ते ९०० ओहम. हे चालेल.

११ मे

भाची एमएस्सी करते, रसायनशास्त्र. तिच्या म्हणण्यानं कार्बन चोपडण्यापेक्षा सुतावरच वीजवाहक पॉलिमर वाढवावा. १९७७ साली पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडीन पाजून तो धातूसारखा वीज वाहतो हे दाखवलं गेलं. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्यासाठी २००० चं नोबेल मिळालं. सुतावर करायला सोपा पडतो तो पॉलिपायरोल.

तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांच्या परवानगीनं, धुराच्या कपाटात केलं. हे घरी करायचं काम नाही, पायरोलची वाफ घेण्यासारखी नसते. सूत बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या पायरोलच्या द्रावणात भिजू दिलं, मग वरून फेरिक क्लोराइड हळूहळू सोडलं. हेच फेरिक क्लोराइड सर्किटची तांब्याची पाटी खोदायला वापरतात, त्यामुळे माझ्या ओळखीचं. पायरोलच्या एका रेणूमागे फेरिक क्लोराइडचे सव्वादोन ते अडीच रेणू लागतात. थंडीत साखळ्या सरळ आणि लांब वाढतात म्हणून बर्फ. पाणी आधी हिरवट, मग काळं, आणि सूत कोळशासारखं पण मऊ. हाताला लेप जाणवतही नाही. तंतूतंतूवर थर बसला होता, कार्बनपेक्षा कितीतरी एकसारखा.

भाची खूश. "मामा, याच्यापुढं तुमचं काळं खळीचं सूत म्हणजे दोरीच हाय."

दिसायला होय. पण हातानं ओढलं तर सूत पटकन तुटलं, कारण आम्लधर्मी फेरिक द्रावण कापसाचा तंतू खातं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढलं तर रोध कित्येक पट चढला. अल्कलीत या पॉलिमरचं डोपिंग, म्हणजे त्याला वीजवाहक करणारी भर, निघून जातं. गावात सदरा कशानं धुतात? सोड्यानं नाहीतर डिटर्जंटनं, दोन्ही अल्कलीच. शिवाय दमट हवेत त्याचं वाहकपण आपसूकच उतरत जातं. नमुना दुकानात खुंटीला टांगून ठेवला आहे, महिन्यामहिन्याला मोजायचा.

कार्बनला मात्र आम्ल, अल्कली, घाम कशाचंच काही वाटत नाही. गळती पकडायला उत्तम वाहकापेक्षा टिकाऊ वाहक हवा.

१९ मे

सदऱ्याची चाचणी. पाठीच्या भागात दोन काळी सुतं एक सेंटिमीटर अंतरानं, नागमोडी शिवली. कोरडं असताना मीटर ओएल दाखवतो, म्हणजे रोध मापाबाहेर, वीज वाहतच नाही. विहिरीचं पाणी शिंपडलं की ५ ते २० किलोओहम, किती भिजलं त्यावर.

मग सदरा घालून भर दुपारी दुकानामागची माती ओढली. पारा ४४ च्या वर. पाठ भिजली आणि आकडा पाण्यापेक्षाही खाली आला. घामात मीठ असतं, तो विहिरीच्या पाण्यापेक्षा चांगला वाहक. पाणी आणि घाम वेगळे ओळखायचा काही मार्ग या दोन सुतांकडे नाही. ऑगस्टच्या उकाड्यात हा सदरा फवारणी सुरू होण्याआधीच बोंबलत बसेल.

२० मे

रात्री लाइट गेली होती, त्यामुळे बसून विचार करायला वेळ मिळाला.

सूत सदऱ्यात नको, पंपाच्या गादीत घालायचं. पाठीकडून मोजलं तर सदरा, मग फोम, मग रेक्झिन, आणि रेक्झिनच्या पलीकडे, टाकीच्या अंगाला, आपलं सूत. घाम रेक्झिन ओलांडत नाही. गळणारं पाणी टाकीवरून ओघळतं, ते आधी सुतालाच भेटतं. गादी कोणी सोड्यात आपटून धूत नाही. ती सदऱ्याइतकी वाकत नाही. आणि पंपाला स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी आहेच, वेगळा सेल कशाला! चार अडचणी जागा बदलल्यावर गेल्या. पाचवी नवी आली, ती मोटारीची. तिचं पुढं पाहू.

८ जून

नवार! खाटेची नवार विणतात तशी दोन इंची पट्टी, ताण्यात दोन काळी सुतं लांबीच्या दिशेनं. म्हणजे पट्टी कुठंही कापा, दोन्ही सुतं टोकाला हाताशी येतात. नागमोडी शिवायची गरजच राहिली नाही.

शेजारच्या गावात सतरंज्या विणणारे काकाजी आहेत. अरुंद माग त्यांच्याकडे पडून होता. काळं सूत पाहून त्यांनी आधी बोटांत चोळलं, मग पांढऱ्या धोतराला पुसलं आणि पाहिलं. "हा काया धागा फणीले घासते बावा. दहा हात विणू तं फणी कायी होईन." बरोबर होतं. फणीच्या दातांत सूत प्रत्येक ठोक्याला घासतं आणि कार्बन झडतो. उपाय त्यांनीच काढला. काळी सुतं ज्या घरांतून जातात तिथं दोन दातांऐवजी चार दातांची जागा मोकळी सोडायची, आणि ठोका हलका. पट्टी थोडी विरळ आली, पण काळ्या रेघा शाबूत. विणण्याआधी आणि नंतर रोध मोजला, वाढ फार नाही.

त्यांना विचारलं, मजुरी किती? म्हणे, आधी वाजून दाखवा.

६ जुलै

पाऊस बसला. हवेत दमटपणा आला आणि कापसानं तो ओढला. विणली तेव्हा ओएल दाखवणारी पट्टी आता काही मेगोहम दाखवते. ते ठीक. पण एक पट्टी अर्ध्या मेगोहमवर आली होती. तिचं सूत उकळल्यावर नीट धुतलं गेलं नव्हतं. सोड्याचा अंश राहिला की दमट हवेत तोच वीज वाहतो. पुन्हा गरम पाण्यातून काढली, वाळवली, आता इतरांसारखी.

पाण्याचा प्रश्न वेगळा. रोध किती खाली आला की वाजवायचं, ती हद्द आमच्या विहिरीच्या पाण्यावर ठरवली तर सगळीकडे चालेल का? मेहुणे दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. त्यांनी कॅनभर पाणी आणलं. अपेक्षेप्रमाणे आकडा आमच्या पाण्याच्या निम्म्याहूनही खाली. उलट पत्र्यावरून धरलेल्या पावसाच्या पाण्यानं काही शे किलोओहम. हद्द १५० किलोओहमला ठेवली. ३५ सेंटिमीटरच्या पट्टीत दोन्ही सुतांचे मिळून साठेक किलोओहम धरले, तरी अगदी टोकाला पडलेला रुपयाएवढा डाग पकडला जातो. पावसाच्या सरीनं बहुतेक वाजत नाही. वाजलं तरी बिघडलं काय, पाऊस लागल्यावर फवारणी थांबवायचीच असते.

१९ जुलै

इलेक्ट्रॉनिक्स. बक मॉड्यूलनं १२ चे ५ व्होल्ट, एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम भरता येतो अशी छोटी सर्किटची पाटी), एक बझर. पट्टीला सतत एकाच दिशेनं डीसी द्यायचा नाही. ओल्या सुतांत विद्युत अपघटन सुरू होतं आणि आकडा सरकत जातो. म्हणून सेकंदाला एकदा क्षणभर व्होल्टेज द्यायचा, आणि दर वेळी दिशा उलटी. प्रोग्रामिंग भाचीनं केलं.

मोटारीची अडचण आलीच. पंपाचं बटण दाबलं की ब्रशच्या ठिणग्यांनी बझर किंचाळतो. मोटारीच्या दोन टोकांत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला, आणि तीन सेकंद सलग ओलं दिसलं तरच वाजायचं अशी अट घातली. शांत झालं.

जोड. कार्बनच्या सुताला झाळ लागत नाही. टिचबटण लावलं. सुताचं टोक तीनदा दुमडून बटणाच्या दातांखाली धरायचं आणि ठोकायचं. एकच पदर धरला तर हलवताना आकडा नाचतो.

३ ऑगस्ट

खरं औषध वापरून चाचणी करायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. साबणाचं पाणी, मिठाचं पाणी, गढूळ पाणी, सगळ्याला वाजतं.

डिझेल टाकलं. ओएल. पट्टी चिंब, मीटर ढिम्म.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. डब्यावर ईसी लिहिलेली औषधं म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं विष. पाण्यात मिसळलं की दुधासारखं होतं आणि मग वीज वाहतं, पण डब्यातलं कोरं औषध वाहत नाही. एसएल आणि एससी पाण्यातली असतात, ती पकडली जातील. पण मिश्रण करताना टाकीवर सांडलेलं कोरं ईसी औषध, जे सगळ्यात घातक, त्याला ही पट्टी आंधळी आहे. पाणी येईपर्यंत. म्हणून पट्टीसोबत गिऱ्हाईकाला तोंडी सांगायचं आणि खोक्यावर चिकटवायचं: हातमोजे घालून मिश्रण करा, सांडलं तर टाकी धुवा, पट्टी वाजली नाही म्हणजे सांडलं नाही असं नाही.

भाची म्हणाली, एवढं मोठं लिहिलं तर कोणी घेणार नाही. न घेतलं तरी चालेल.

२४ ऑगस्ट

पोळ्यानंतर फवारणीची घाई. ओळखीच्यांच्या पंपांना पट्ट्या बसवून दिल्या. एक आडवी झाकणाखाली, दुसरी बुडाच्या जोडाजवळ.

पहिली तक्रार दुसऱ्याच दिवशी. "भाऊ, हे काहून वाजून राह्यलं? टाकी भरली का वाजते, बंदच नाही होत."

पंप पाहिला. झाकणाचं रबर एका बाजूला दबून कायमचं चपटं झालेलं. भरताना सांडतंही, चालताना गळतंही. रबर बदललं, बझर गप्प. त्यांचं म्हणणं, आधीच सांगायचं होतं, रबर तर चाराण्याचं. मी म्हटलं, सांगितलंच की, तेच तर वाजत होतं.

दुसऱ्यानं बझरवर चिंधी कोंबली होती. आवाज पऱ्हाटीच्या शेवटच्या तासापर्यंत ऐकू जातो आणि बाकीचे मजूर हसतात, हे त्याचं कारण. ही तक्रार मला मान्य आहे. पुढच्या वेळी बझरऐवजी खांद्याच्या पट्ट्यात मोबाइलची कंपनाची मोटार बसवायची. ज्याची पाठ भिजली त्यालाच कळलं तरी पुरे.

१४ सप्टेंबर

परत आलेल्या पट्ट्या मोजल्या. काळी सुतं जवळपास होती तशीच. बिघाड सगळा टिचबटणांत. पितळेवर हिरवा थर, रोध दुपटी-तिपटीनं वर. खालच्या पट्टीची बटणं जास्त खराब, कारण सगळं पाणी शेवटी तिथंच साचतं. नवीन पट्टीत बटणं स्टेनलेस स्टीलची, आणि बुडाच्या पट्टीची टोकं वर वळवून झाकणाच्या उंचीला न्यायची. पट्टी थोडी लांब लागेल, त्यामुळे रोध वाढेल. हद्द १५० वरून २०० करावी लागणार. दमट हवेतला कोरडा आकडा अजून मेगोहममध्ये आहे, तेव्हा तेवढी जागा आहे.

खुंटीवरचा पॉलिपायरोलचा नमुना: मेच्या मानानं रोध कितीतरी चढलेला. भाचीला फोनवर सांगितलं. ती आता वेगळा डोपंट वापरून बघणार आहे, तिच्या प्रोजेक्टमध्ये. सूत माझ्याकडून उकळून नेईन म्हणाली.

काकाजींना वाजवून दाखवलं. मजुरी ठरली, मीटरवर. हरभऱ्याच्या फवारणीआधी पुढचा ताणा लागेल, त्यासाठी सूत उकळायला टाकलं आहे.